पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस

आमच्या घराण्यात मोटरसायकल शिकवणारे पुष्कळ झाले, नीट शिकलेला एकही नाही. काकांना त्यांच्या कारखान्यातल्या एका फिटरने शिकवलं, काकांनी मला, आणि मी माझ्या भाचीला. तिन्ही वेळा अभ्यासक्रम तोच. क्लच हळू सोड. हॉर्न वाजवायला लाजू नकोस. मोठ्या गाडीच्या मागे रखडू नकोस, जागा दिसली की निघ. आणि पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, कोलांटी खाशील.

नव्वदच्या दशकात डोंबिवली एमआयडीसीतले रस्ते रविवारी ओस पडलेले असायचे. तिथे काकांच्या राजदूतवर मी हे सगळं घोकलं. गाडी बंद पडायची, मागून काकांची टपली बसायची, पुन्हा किक. लायसन्सच्या परीक्षेत आठाचा आकडा काढावा लागतो असं मित्रांनी सांगितलं होतं, म्हणून मी फक्त आठ काढायचा सराव केला. पाय न टेकता तो निघाला आणि घरात पेढे आले. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये परीक्षेत काय काय पाहायचं याची लांबलचक यादी आहे आणि त्यात आणीबाणीत गाडी थांबवून दाखवणंही आहे, हे मी पंचवीसेक वर्षांनी वाचलं. तोवर गाडी चालू ठेवता आली म्हणजे गाडी येते, अशी माझी पक्की समजूत होती.

लग्नानंतर आम्ही घोडबंदर रोडला, वाघबीळला राहायला आलो. माजिवड्याहून निघून कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा करत गायमुखचा घाट चढून हा रस्ता फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला मिळतो. सगळा मिळून जेमतेम वीस किलोमीटर. एका अंगाला येऊरचं जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी, मधे टॉवरच टॉवर. उरणच्या बंदरातून गुजरातकडे निघालेले कंटेनर, भिवंडीच्या गोदामांचा माल, रेडीमिक्सचे मिक्सर, शाळांच्या बस, टीएमटी, रिक्षा आणि आम्ही दुचाकीवाले, सगळे या एकाच पट्टीतून जातो. अवजड वाहनांना दिवसा ठरावीक तासांतच सोडतात, त्यामुळे त्यांची वेळ उघडली की एकामागोमाग ट्रेलर लागतात आणि वेळ संपत आली की प्रत्येकाला घाई. मेट्रोचं काम आलं तेव्हापासून मधल्या लेन पत्र्यांच्या आड गेल्या. मिक्सरमधून गळालेलं काँक्रीट पडल्या जागी घट्ट होतं, त्याची टेंगळं होतात. चारचाकीत बसलेल्याला ती जाणवतही नाहीत, आपलं हँडल मात्र हातातून निसटायला बघतं. नवशिक्याने गाडी शिकायला यावं असा हा रस्ता नाही, पण इथे राहणाऱ्या नवशिक्याला दुसरा रस्ता कुठे आहे? सर्व्हिस रोडचा काय तो आडोसा होता, तर आता तोही मुख्य रस्त्यात जोडून टाकायचं काम काढलंय.

त्या सर्व्हिस रोडवर मी काय केलं ते आधी सांगतो, कारण त्याची लाज मला पडण्यापेक्षा जास्त वाटते. समोरच्या दुकानातून काही आणायचं तर पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन, वळून परत यावं लागतं. मी सरळ उलट्या दिशेने घुसायचो. दिवा लावायचा, कडेकडेने जायचं, समोरून कुणी आलं की ओशाळं हसायचं. सगळेच जातात. एकदा संध्याकाळी एक आजोबा हातात दुधाच्या पिशव्या घेऊन रस्त्यात उतरले. उतरण्याआधी त्यांनी नीट थांबून उजवीकडे पाहिलं, म्हणजे ज्या बाजूने गाड्या यायला हव्यात तिकडे. मी डावीकडून आलो. हँडल त्यांच्या पिशवीला घासलं, पिशवी फुटली, दूध रस्त्यावर. आजोबा दचकून मलाच म्हणाले, "सॉरी हं, माझं लक्ष नव्हतं." मी काय केलं असेल? "बघून चाला काका," असं म्हणून निघून गेलो. दुधाचे पैसेसुद्धा दिले नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

हेल्मेटचंही तसंच. ते असायचं, पण कोपरात अडकवलेलं. कापूरबावडीच्या अलीकडे, पोलीस उभे असतात त्या टप्प्यात डोक्यावर चढायचं आणि पट्टा खाली लोंबत राहायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्याच आपटीला डोक्यावरून निघून जातं, म्हणजे ते डोक्यासाठी नव्हतंच, दंडासाठी होतं. ते विकतही फूटपाथवरून घेतलेलं, आतला थर्माकोल अंगठ्याने दबेल असलं. 1 जून 2021 पासून आयएसआय शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. माझं त्याआधीचं, असं म्हणून मी स्वतःचं समाधान करून घेत असे. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली, त्यांतली 74,897 दुचाकीवरची. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालातले हे आकडे आहेत. हेल्मेट घातलेलं नव्हतं अशी 50 हजारांवर. हे वाचून मी पट्टा लावू लागलो असतो तर बरं दिसलं असतं. पण मी लावू लागलो ते भाचीमुळे. पट्टा लागल्याचा कट्ट आवाज ऐकल्याशिवाय ती मागे बसत नाही.

आता पडण्याचं. गायमुखचा घाट उतरत होतो, जूनचा पहिला पाऊस नुकताच शिंपडून गेला होता. पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते आणि डांबर बुळबुळीत होतं, हे वर्षभर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मलाही होतं. पुढे डंपर. खड्डा आला म्हणून त्याने ब्रेक मारला, त्याचे मागचे लाल दिवे लागले आणि मी उजव्या पायावर सगळा भार देऊन मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक फिरायचं थांबलं, पण गाडी थांबली नाही. शेपूट उजवीकडे गेली, मी पाय आणखी दाबला, आणि गाडी आडवी होऊन माझ्यापुढे घसरत डंपरच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. मागून येणाऱ्या कारवाल्याने थांबवलं म्हणून मी हे लिहितोय. गुडघ्याचं कातडं गेलं, क्रॅशगार्ड वाकला. ढाब्यावरच्या दोघांनी गाडी उचलून कडेला लावली आणि मला पाणी दिलं.

घरी येऊन मी सांगितलं की रस्त्यावर वाळू होती. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, वाळूच्या ट्रकमधून वाळू सांडलेली होती. काही महिन्यांनी ती वाळू एवढी वाढली की त्यातून मी वाचलो हेच नवल वाटावं. डंपरचं अंतर, माझा वेग, पाय, ब्रेक हे सगळं गोष्टीतून हळूहळू निघून गेलं आणि वाळू तेवढी राहिली. खरं सांगायचं तर वाळू होती की नव्हती हे मला आज आठवत नाही. बहुधा नव्हती.

भाची आली ती या गोष्टीसकट मला गुरू मानून. ताईचं घर कल्याणला. भाचीला कोलशेतच्या बाजूला नोकरी लागली म्हणून आठवडाभर ती आमच्याकडे राहायची. तिला गिअरची गाडी शिकायची होती. "स्कूटी घे की," मी म्हटलं. "मामा, तू स्कूटी चालवतोस का?" झालं. माझी जुनी स्प्लेंडर होतीच, पुढे-मागे ड्रम ब्रेक असलेली. तिचा डावा आरसा मी कधीच काढून टाकला होता, कारण ट्रॅफिकमध्ये दोन गाड्यांच्या मधून जाताना तो अडकायचा. आरसा अडकतो म्हणजे आपण जात असलेली जागा जाण्याइतकी नाही, असा त्याचा सरळ निष्कर्ष निघतो. मी आरसा काढला.

शिकाऊ लायसन्सची परीक्षा तिने घरी बसून संगणकावर दिली, आधी प्रश्नसंच पालथा घालून. त्यामुळे झालं असं की कायदा तिला माहीत आणि गाडी मला. पहिल्याच दिवशी ती एक पांढरा पुठ्ठा घेऊन आली. लग्नपत्रिकेच्या खोक्याचा होता. त्यावर लाल चिकटपट्टीने एल काढला होता आणि शेजारी फूटपट्टी. पुठ्ठा 18 सेंटिमीटर चौरस हवा, अक्षराची उंची 10 सेंटिमीटर, जाडी 2. पुढे एक, मागे एक. "आणि मामा, शिकवणारा अशा जागी बसला पाहिजे की त्याला गाडी थांबवता येईल." मोटरसायकलवर अशी जागा कोणती, हा प्रश्न नियम लिहिणाऱ्याला पडला होता की नाही कोण जाणे. मागे बसलेल्याचा हात फार तर शिकणाऱ्याच्या खांद्यापर्यंत पोचतो, नाहीतर तोंड चालतं. मी तोंडच चालवलं.

आधी वाघबीळच्या आतल्या अंगाला एका अर्धवट बांधलेल्या रस्त्यावर सकाळी सकाळी. हाफ क्लच तिला लवकर जमला. मी खूश. ब्रेकचा धडा मी काकांच्याच शब्दांत दिला. ती म्हणाली, "मग तो दिलाय कशाला?" मी म्हटलं, "कंपन्या देतात. उतारावर गाडी उभी करताना लागतो." हे उत्तर मी कुठून आणलं देव जाणे, पण इतक्या खात्रीने दिलं की तिने वहीत लिहिलं असतं. ती चारही बोटं मुठीवर घट्ट गुंडाळून चालवू लागली, ब्रेकच्या दांडीपासून लांब. मी त्याचं कौतुक केलं.

आठवड्याभरात तिला मुख्य रस्त्यावर नेलं. एवढ्या लवकर नेण्याचं कारण फक्त माझा कंटाळा. आतल्या रस्त्यावर तिच्या मागे बसून त्याच त्या फेऱ्या मारायचा मला वैताग आला होता, आणि रस्त्यावर उतरल्याशिवाय येत नाही हेही आमच्या घराण्याचंच एक वचन आहे.

ठाण्याच्या दिशेने जाताना कापूरबावडीला डावीकडे बाळकुम, कशेळीवरून भिवंडीचा रस्ता फुटतो. दुपारची वेळ, अवजड वाहनं सुटलेली. पुढे एक लांबलचक ट्रेलर, वर कंटेनर. त्याने वेग कमी केला आणि थोडा उजवीकडे सरकला. त्याच्या डाव्या बाजूला, मेट्रोच्या पत्र्यांच्या आणि त्याच्या मधे, चांगली ऐसपैस जागा झाली. भाचीने विचारलं, "थांबू का?" मी तिच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, "घे डावीकडून, जागा आहे."

ज्यांनी ट्रेलर कधी जवळून वळताना पाहिला नाही त्यांना हे सांगितलं पाहिजे. एवढी लांब गाडी डावीकडे वळायची तर ड्रायव्हर आधी मुद्दाम उजवीकडे घेतो, कारण वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग येत नाहीत, आतल्या बाजूने कापत येतात. ती कात्रीत धरणारी जागा आपल्याला मोकळी दिसते. आपण तिच्यात शिरतो आणि मग ट्रेलरचं तोंड वळतं आणि जागा मिटायला लागते, पुढून आधी, मग मधून. ड्रायव्हर बसलेला उजवीकडे, एवढ्या उंचीवर. डावीकडे खाली टेकलेली मोटरसायकल त्याला दिसायची शक्यता फार कमी. डावी बाजू बघायची ती क्लीनरने.

आमच्या नशिबाने क्लीनर होता. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन त्याने दारावर तळहाताने धाड धाड मारलं आणि ओरडला. काय ओरडला ते कळलं नाही. मी ओरडलो, "ब्रेक!" आणि माझ्या मनात अर्थातच मागचा. पण घाबरलेला नवशिका पहिल्यांदा काय करतो? पाय खाली टाकतो. तिने दोन्ही पाय खाली टाकले, म्हणजे मागच्या ब्रेकवरचा पाय सुटला. आणि घाबरून दोन्ही मुठी आवळल्या. डाव्या मुठीत क्लच आला, उजव्या मुठीत पुढचा ब्रेक. त्याला ती बोटंही लावणार नव्हती. हँडल सरळ होतं, वेग चालण्यापेक्षा थोडा जास्त. गाडी गचका खाऊन जागच्या जागी थांबली आणि डावीकडे पत्र्यावर कलली. तिचं कोपर पत्र्याच्या कडेने सोलवटलं. आमच्या उजव्या हाताला ट्रेलरची मागची चाकं, एकामागे एक, सावकाश गेली. टायरवरच्या खाचांत अडकलेली खडी मला वेगवेगळी दिसत होती.

ट्रेलर पुढे जाऊन थांबला. क्लीनर उतरून आला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. तिला काही बोलला नाही. पुठ्ठ्यावरचा एल पाहिला, मग माझ्याकडे पाहून हिंदीत म्हणाला, "चाचा, इसको तो नहीं मालूम, आपको भी नहीं मालूम?"

त्या रात्री जखमेला मलम लावताना भाचीने मला घाटातली गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मी वाळूपासून सुरुवात केली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "वाळू मागच्याच चाकाखाली होती का? पुढचं चाक का नाही घसरलं?" मी म्हटलं, पुढचा ब्रेक मी मारलाच नव्हता. "हो ना," ती म्हणाली आणि गप्प बसली.

मग मी वाचायला बसलो, पन्नाशीकडे झुकलेल्या वयात. ब्रेक लागला की गाडीचा आणि आपला सगळा भार पुढे झुकतो. पुढचं टायर रस्त्याला दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं आणि हलकं चाक चटकन अडकून घसरतं. म्हणजे जोरात थांबायचं असेल तेव्हा थांबवण्याचं बहुतेक काम पुढच्याच ब्रेकचं असतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर दोन्ही ब्रेकच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. ताशी 60च्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, आणि तेवढा सेकंद तर आपल्याला दिवे लाल झालेत हे कळण्यातच जातो. घाटात डंपर आणि मी यांच्यात 17 मीटर नव्हतेच. मी पडलो ते बरं झालं असंच म्हणायचं, उभा राहिलो असतो तर डंपरखाली गेलो असतो.

काकांवरही अन्याय नको. त्यांचा सल्ला खोटा नव्हता, अर्धा होता. हँडल वळलेलं असताना, खडीवर, चिखलात किंवा घाबरून एकदम आवळला तर पुढचा ब्रेक खरंच आपटतो. त्यांच्या फिटरने बहुधा हे सगळं नीट सांगितलं असेल. काकांनी त्यातली खडी आणि चिखल वगळला, मी वळलेलं हँडल वगळलं, आणि भाचीपर्यंत "हात लावू नकोस" एवढंच उरलं. हळूहळू दाबत न्यायचा असतो, दोन बोटांनी, भार पुढे येऊ देत, हे आमच्यात कुणी कुणाला बोललंच नाही.

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या 900 मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष जागेवर जाऊन अभ्यास केला होता. अहवाल 1981 साली प्रसिद्ध झाला. वाचताना मला आमच्याच घरातलं कुणी लिहितंय असं वाटलं. अपघातात सापडलेले 92 टक्के लोक स्वतःचं स्वतः, नाहीतर घरच्यांकडून किंवा मित्रांकडून शिकलेले. आयत्या वेळी मागचा ब्रेक वाजवीपेक्षा जास्त दाबून घसरलेले, पुढचा पुरेसा न दाबलेले. आपल्याकडे सरकारने या सवयीवर निराळाच तोडगा काढला. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला, 125 सीसीपर्यंत निदान सीबीएस आणि त्यावर एबीएस सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे मागचं पॅडल दाबलं की पुढचाही ब्रेक थोडा लागतो. माझ्यासारख्यांना समजावत बसण्यापेक्षा यंत्रातच सोय केलेली बरी, असा कुणीतरी विचार केला असावा. विचार वाईट नाही, पण रस्त्यावर त्याआधीच्या स्प्लेंडर अजून किती धावतात ते घोडबंदरच्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून पाहावं.

पुढचे रविवार आम्ही पुन्हा त्या अर्धवट रस्त्यावर. विटेच्या तुकड्याने रस्त्यावर रेघ मारायची, 30च्या वेगाने यायचं, रेघेपाशी दोन्ही ब्रेक, कुठे थांबलो तिथे दुसरी रेघ. भाची सुरुवातीपासून माझ्या अलीकडे थांबायची. मला हे झेपलं नाही. टायरला दोष दिला, माझ्या वजनाला दिला, एकदा तर तिची रेघ पुढे-मागे झाली असेल असंही म्हणून पाहिलं. खरं कारण एवढंच की माझी उजव्या हाताची बोटं दांडीवर जातच नव्हती. पाय आधी जायचा. तिला विसरायचं थोडंच होतं, मला पंचवीस वर्षांचं. एकदा मी हट्टाने पुढचा आवळला तो हँडल जरा वाकडं असताना, आणि उभ्या उभ्या आडवा झालो. काकांच्या सल्ल्यातला वगळलेला भाग तेव्हा गुडघ्याला समजला. शेजारच्या बांधकामावरचे मजूर चहा पीत बघत होते, त्यांची चांगली करमणूक झाली.

डावा आरसा परत बसवला. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, अडकेल." अडकतो. अडकतो तिथे थांबतो. ट्रेलरच्या बाबतीत भाचीने स्वतःपुरता एक नियम केलाय: त्याच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर आपणही त्याला दिसत नाही, मागे राहायचं. हल्ली पुष्कळ ट्रेलरांवर क्लीनरच नसतो, तेव्हा दारावर थापा मारायला कुणी असेल या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. तिच्या मागून येणारे हॉर्न वाजवतात. ती हलत नाही. मीही तिच्या मागे बसून एकदा "अगं, जाईल की" असं म्हणालो होतो. ती काहीच बोलली नाही, फक्त आपलं कोपर जरा वर उचलून मला दाखवलं.

सगळं सुधारलं असं नाही. उलट्या दिशेने जाणं सोडलं, पण रात्री उशिरा, दुकान बंद व्हायला आलं असेल आणि रस्ता रिकामा असेल तर मनात येतं, आणि दोनदा तरी मनात येऊन पुढेही गेलं आहे. गायमुखच्या उतारावर पाऊस असला की माझा उजवा पाय अजून आपोआप दाबला जातो. मग बोटं येतात, उशिरा. म्हणून मी आता पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवतो की त्यात दोन रिक्षा शिरतात, आणि शिरतातच.

भाचीला पक्कं लायसन्स मिळालं. तिने स्वतःची गाडी घेतली, डिस्क ब्रेकवाली. आता तिचा धाकटा भाऊ शिकायचं म्हणतो आणि त्याने तिलाच विचारलं, मला नाही. याचं मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पहिल्या दिवशी मी नुसता बघायला गेलो होतो. तिने त्याला गाडी सुरूही करू दिली नाही; गाडी ढकलत न्यायची आणि पुढच्या ब्रेकने थांबवायची, पुन्हा ढकलायची, पुन्हा थांबवायची. तो वैतागून माझ्याकडे बघत होता. मी तोंड उघडलं तेवढ्यात ती म्हणाली, "मामा, तू चहा घेऊन ये."

ताईला मात्र अजून यातलं काही माहीत नाही. कोपराचं तिला सांगितलंय की इमारतीच्या पार्किंगमध्ये पाय घसरून पडली, जिन्याच्या कडेला लागलं. ती शक्कल भाचीची नव्हे, माझीच. भाची खरं सांगायला निघाली होती, मीच थांबवलं. आणि पार्किंगमध्ये पाय कशावरून घसरला असं ताईने विचारलं तेव्हाही मीच म्हणालो, "तिथे थोडी वाळू पडली होती."